मॉरिशसचा डोंगर आणि सातारकराचा पाय: लहान गटात, वाटाड्यासह का चालावे

साताऱ्यात रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून जाणाऱ्या माणसाला ८२८ मीटर उंचीच्या डोंगराचे कौतुक वाटण्याचे काही कारण नाही. मॉरिशस बेटावरचे सर्वांत उंच शिखर एवढेच आहे आणि आपले कास पठार सुमारे १२०० मीटरांवर आहे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला निघालेल्या आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने सहलीच्या कागदावर ‘निसर्गभ्रमंती, वाटाड्यासह, जास्तीत जास्त आठ जण’ ही ओळ आणि तिच्यासमोरचा आकडा वाचला, तेव्हा वासोट्याचा किल्ला दोनदा करून आलेल्या त्यांच्या थोरल्या मुलाने सरळ विचारले, “काका, एवढ्याशा टेकडीला पैसे देऊन माणूस कशाला लावायचा?”

प्रश्न रास्त होता. मी गेली काही वर्षे फुलांच्या हंगामात ओळखीच्या मंडळींना घेऊन कासला जातो आणि मॉरिशसच्या डोंगरातली ती वाटही एकदा चालून आलो आहे. माझे उत्तर असे आहे की वाट दाखवण्यासाठी तिथे माणूस फारसा लागत नाही, कारण वाटा बहुधा ठळक आहेत. माणूस लागतो तो समोर दिसणाऱ्या हिरव्या रंगापैकी खरे कोणते आणि उपरे कोणते हे सांगण्यासाठी, आणि आपल्या बुटांनी त्या खऱ्याचे नुकसान होऊ नये यासाठी. बेटावरचा डोंगर म्हणजे सह्याद्रीचाच एक तुकडा, फक्त भोवती समुद्र, असे समजून गेलेला माणूस चार तास चालून येतो आणि त्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

गंमत अशी की दगडापुरते बोलायचे तर तो समज अगदीच खोटा नाही. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खोलवरून तप्त द्रव्य सतत वर येत असते. अशी एक जागा आज मॉरिशसच्या नैर्ऋत्येला सव्वादोनशे किलोमीटरवर असलेल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी आजही अधूनमधून उद्रेक पावतो. ही जागा बरीचशी स्थिर असते, पण तिच्यावरचे भूपट्ट सरकत राहतात. पेटत्या समईवरून कागद हळूहळू ओढत नेला, तर ज्योत जागची हलत नाही आणि कागदावर मात्र डागांची रांग उमटते, तसाच हा प्रकार आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते या रांगेतला पहिला मोठा डाग म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतलेला दख्खनचा काळा पाषाण, ज्यावर आपले अजिंक्यतारा, सज्जनगड आणि यवतेश्वर उभे आहेत. पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेला, मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही रांग राहिली आणि अगदी अलीकडे, म्हणजे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस पाण्याबाहेर आले. एकाच चुलीवरच्या या दोन भाकरी आहेत, फक्त एक फार आधी उतरवलेली आणि एक बरीच नंतरची.

रूप मात्र निराळे आहे. आपल्याकडे लाव्हा थरावर थर पसरत गेला, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट आहेत. मॉरिशसचे सुळके हे एका जुन्या, प्रचंड ज्वालामुखीच्या खचलेल्या कडेचे उरलेले दात आहेत, आणि म्हणून त्यांची नावेही त्यांच्या आकारावरून पडली आहेत. राजधानी पोर्ट लुईच्या मागे उभ्या असलेल्या ८१२ मीटरच्या शिखराला ‘ल पूस’ म्हणतात, म्हणजे फ्रेंच भाषेत अंगठा. १८३६ साली बीगल जहाजावरून परतीच्या प्रवासात असलेला चार्ल्स डार्विन हा अंगठा चढून गेला होता.

दगड सारखा असला तरी त्यावर वाढलेले जीवन वेगळे कसे झाले, हे एकदा कळले की वाटेवर दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. सह्याद्री हा खंडाचा भाग आहे. आपल्या रानात आलेले प्रत्येक झाड हजारो पिढ्या गवा, सांबर, रानडुक्कर, वानर आणि पुढे गुरे यांच्या तोंडाला तोंड देत वाढले आहे, म्हणून त्याच्याकडे काटे आहेत, चीक आहे, कडूपणा आहे, आणि खुडले तरी पुन्हा फुटण्याची चिवट सवय आहे. मॉरिशस मात्र भर समुद्रात कोऱ्या खडकाच्या रूपाने वर आले. तिथे जे पोहोचले ते वाऱ्याने, लाटांनी किंवा पाखरांच्या पोटातून पोहोचले, आणि वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी आपल्या पायांनी तिथे जाऊ शकला नाही. शिकारी नसल्यामुळे काही पाखरांनी उडणे सोडून दिले. डोडो हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. डच लोक १५९८ मध्ये बेटावर उतरले आणि त्याच शतकाच्या नव्हे, पण पुढच्या शतकाच्या आत डोडो संपला. माणसाने मारले त्याहून अधिक नुकसान माणसाबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी केले असावे, असे अभ्यासक मानतात.

वनस्पतींनीही आपली राखण स्थानिक शत्रू पाहूनच केली होती. त्या बेटावर पाला खाणारा मोठा प्राणी म्हणजे महाकाय कासव. कासवाची मान पोहोचते तेवढ्या उंचीपर्यंत काही झाडांची कोवळी पाने अरुंद, रेघोट्यांसारखी आणि वेगळ्या रंगाची असतात, आणि तेच झाड वर गेल्यावर अगदी साधी, रुंद पाने धरते. हा फरक कासवांना चकवण्यासाठी असावा, असा एक कयास आहे. आमच्या वाटाड्याने एका रोपाजवळ थांबवून खालचे पान आणि शेजारच्या मोठ्या झाडाचे पान दोन्ही दाखवले, तेव्हा ती एकाच जातीची आहेत यावर आमच्यापैकी कोणाचाच विश्वास बसेना. ती कासवे खाण्यापायी केव्हाच संपली, झाडे मात्र अजून त्यांच्याचसाठी वेष बदलून उभी आहेत. आग्नेय किनाऱ्याजवळच्या ‘इल ओ एग्रेत’ या छोट्या राखीव बेटावर आता आल्डाब्रा बेटावरची महाकाय कासवे आणून सोडली आहेत. ती तिथल्या आबनूस झाडांची फळे खातात आणि बिया पसरवतात, म्हणजे मेलेल्या कासवाचे काम परगावच्या कासवाकडून करून घेतले जाते.

मॉरिशसमध्ये मूळच्या सपुष्प वनस्पती सुमारे सातशे आहेत आणि त्यांतल्या जवळपास चाळीस टक्के जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. अशा जातींना आपण प्रदेशनिष्ठ म्हणतो. चांगल्या स्थितीतले मूळ जंगल मात्र बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे, आणि त्यातला मोठा भाग १९९४ मध्ये जाहीर झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आहे. मोटारीतून पाहणाऱ्याला तर सगळे बेट हिरवेगार दिसते. ते हिरवे म्हणजे बहुतेक ऊस, आणि डोंगरउतारावर चिनी पेरू.

या चिनी पेरूविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण वाटेवर सर्वांत जास्त भेट त्याचीच होते. ब्राझीलकडून आणलेले हे झुडूप; फळ सुपारीएवढे, लालबुंद, आंबटगोड, आणि तिथल्या लोकांना इतके प्रिय की हंगामात घरची मंडळी पिशव्या घेऊन डोंगरात शिरतात. मीही दोन-चार खाल्ली आणि सवयीने बी थुंकणार तोच वाटाड्याने हसून हाताची ओंजळ पुढे करायला सांगितली. एका फळात कितीतरी बारीक, कठीण बिया असतात. त्या पाखरे, माकडे आणि डुकरे लांबवर नेतात, आणि उगवलेली रोपे इतकी दाट होतात की खाली दुसऱ्या कोणत्याही झाडाच्या रोपाला ऊन मिळत नाही. आपल्याकडे घाणेरीने आणि रानमोडीने माळ कसे व्यापले हे ज्याने पाहिले आहे, त्याला वेगळे समजावण्याची गरज नाही.

थोडे पुढे गेल्यावर आमच्यापैकी एकजण एकदम हरखला. “दादा, हा तर आपला शिपाई बुलबुल की!” डोक्यावर तोच तुरा, गालावर तोच लाल ठिपका. घरापासून हजारो किलोमीटरवर गाववाला भेटावा तसा आनंद झाला खरा, पण वाटाड्याच्या चेहऱ्यावर तो दिसला नाही. हा बुलबुल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेटावर आणला गेला आणि आता परकीय झुडपांच्या बिया रानभर पसरवण्यात त्याचा मोठा हात आहे. साळुंकी टोळांच्या बंदोबस्तासाठी आणली होती, मुंगूस १९०० साली उंदरांच्या बंदोबस्तासाठी आणले, आणि त्या मुंगसाने उंदरांइतकीच जमिनीवर उतरणाऱ्या पाखरांचीही वाट लावली. आपल्या अंगणातले प्राणी दुसऱ्याच्या अंगणात उपद्रवी ठरतात, ही गोष्ट पुस्तकात वाचून जितकी समजते त्याहून अधिक त्या बुलबुलाकडे पाहताना समजली.

उलट बाजूही तिथेच दिसते. मॉरिशसचा खरुची, म्हणजे तिथला छोटा बाज, १९७४ मध्ये रानात अवघा चार इतका उरल्याची नोंद होती. गुलाबी कबुतर १९९०च्या सुमारास दहाच्या आसपास आले होते. अंडी उबवून, पिल्ले हाताने वाढवून, रानात खाद्याची ताटे ठेवून आणि उंदीर-मुंगसे पकडून या दोन्ही जाती शेकडोंवर नेल्या गेल्या. वाटाड्या अचानक हात वर करून सर्वांना थांबवतो आणि पंधरा हातांवरच्या फांदीवर मळकट गुलाबी छातीचे, जाडसर कबुतर शांत बसलेले दाखवतो, तेव्हा चाळीस माणसांचा घोळका असता तर ते दिसले असते का, हा प्रश्न आपोआप सुटतो.

आता लहान गटाचा मुद्दा. मला तो उशिरा कळला आणि चूक करूनच कळला. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही चाळीस जणांचा गट घेऊन साताऱ्याजवळच्या एका सड्यावर गेलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता, वाटेवर चिखल होता आणि प्रत्येकाने बूट सांभाळत चिखलाच्या कडेकडेने पाय टाकले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, तर पायवाट वीतभराची होती ती हातभर रुंद झालेली होती आणि कडेची सीतेची आसवे, गेंद आणि कातळावरचे पातळ मातीचे पापुद्रे सगळे लगद्यात मिसळले होते. कोणीही एक फूल मुद्दाम तोडले नव्हते.

पायदळी जाण्याचा एक नियम आहे, तो थोडा विचित्र वाटतो. अस्पर्श जमिनीवर पहिली काही पावले सर्वाधिक नुकसान करतात. माती दाबली जाते, कोवळी रोपे मरतात. पुढची शंभर पावले त्याच रेषेत पडली, तर नुकसान फारसे वाढत नाही, कारण जे मरायचे ते आधीच मेलेले असते. म्हणून डोंगरात ‘सगळे पांगून चाला, म्हणजे एकाच जागी भार पडणार नाही’ हा सल्ला नाजूक जागी चुकीचा ठरतो. रुळलेल्या वाटेवर एकामागोमाग एक चालायचे, चिखल आला तर चिखलातूनच जायचे आणि वाट रुंद होऊ द्यायची नाही, हे त्यावरचे उत्तर आहे. आठ माणसांना वाटाड्या हे डोळ्यांसमोर ठेवून करवून घेऊ शकतो. चाळीस माणसांच्या रांगेचे शेपूट त्याला दिसतच नाही. मॉरिशसला आमच्या पुढच्याच बाईंनी चिखल टाळण्यासाठी नेच्याच्या झुडपावर पाय ठेवला, तर मागून अत्यंत नम्र आवाजात “कृपया मधूनच” अशा अर्थाचे शब्द आले, आणि बूट घोट्यापर्यंत बुडाले. बूट धुता येतात, नाही का.

चढण्यापूर्वी बुटांचे तळ घासणे हाही त्याच शिस्तीचा भाग आहे. तळाच्या खाचांत अडकलेल्या मातीत बिया असतात, बुरशीचे बीजाणू असतात, आणि एका डोंगरावरचे तण दुसऱ्या डोंगरावर नेण्याचे सर्वांत सोपे वाहन म्हणजे आपला बूट. साताऱ्याहून जाणाऱ्याने तर घरीच बूट ब्रशने घासून, वाळवून न्यावेत. पँटच्या शिवणीत रुतलेले कुसळही काढून टाकावे. कुसळ काढताना कास आठवले तरी हरकत नाही.

इथे कासशी तुलना करताना एक सावधगिरी हवी. मॉरिशसच्या उद्यानात मूळ जंगलाचे काही तुकडे कुंपण घालून हरणे आणि डुकरे यांच्यापासून वेगळे केले आहेत आणि आतले परकीय झाड हाताने उपटून काढले जाते. कुंपणाच्या अलीकडे चिनी पेरूची काळपट, एकसारखी गर्दी आणि पलीकडे वेगवेगळ्या उंचीची, शेवाळ चढलेली, उजेड झिरपू देणारी झाडे, हा फरक एका जागी उभे राहून दिसतो आणि तो पाहिल्यावर ‘कासलाही असेच करा’ असे म्हणावेसे वाटते. पण कासला जाळी घातली गेली होती. गुरांचे चरणे थांबल्याने उंच गवत माजून फुले दबली, अशी तक्रार अनेक अभ्यासकांनी केली, आणि पुढे ती जाळी काढलीही गेली. कारण कासच्या फुलांनी पिढ्यान्‌पिढ्या गुरांबरोबर जुळवून घेतले आहे, तर मॉरिशसच्या झाडांनी खुराचा प्राणी कधी पाहिलाच नव्हता. एकाच उपायाचा परिणाम दोन ठिकाणी उलटसुलट होतो, तो यामुळे.

हवामानाचे गणित सातारकराला इतरांपेक्षा लवकर कळते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुका पाचशेच्या आसपास अडतो, कारण ढग घाटमाथ्यावर चढताना थंड होऊन रिते होतात आणि पलीकडे कोरडे उतरतात. मॉरिशसला हेच घडते, फक्त वारा आग्नेयेकडून येतो आणि जवळपास वर्षभर येतो. म्हणून मधल्या पठारावर सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पश्चिम किनारा, जिथे पर्यटकांची पुष्कळ हॉटेले आहेत, तो त्या बेटाचा माणदेश. परिणाम असा की सकाळी वाळूवर लख्ख ऊन पाहून माणूस निर्धास्त निघतो आणि तासाभराच्या अंतरावर डोंगर ढगात असतो. दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते; सहाशे मीटर चढलात की चार अंश कमी, शिवाय ओला वारा. लाल चिकणमाती भिजली की जांभ्याच्या ओल्या पायरीहून निसरडी होते. वाटाड्या पुढे न जाता परत फिरण्याचा निर्णय घेतो तो बहुधा या मातीकडे आणि ओढ्याच्या पाण्याकडे पाहून, आणि तो निर्णय मानायचा असतो. ‘शिखर एवढ्यावर आले आहे’ हा युक्तिवाद आपल्याकडे पुष्कळ अपघातांच्या आधी केला गेलेला आहे.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी एक जुना ठोकताळा वापरतात. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरायचे आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला एक तास वाढवायचा. आठ किलोमीटर आणि सहाशे मीटर चढ असेल, तर सुमारे दोन तास छत्तीस मिनिटे. निसर्गभ्रमंतीत मात्र थांबणे हेच काम असल्यामुळे मी हा आकडा सरळ दुप्पट धरतो. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही आणि तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून-जुलैमध्ये, संध्याकाळी सहाच्या आतच सूर्य मावळतो, हे लक्षात ठेवून दुपारची परतीची वेळ आधीच ठरवून घ्यावी.

वाटाड्या निवडताना मी चारच गोष्टी विचारतो. गटात नक्की किती जण असतील. परत फिरण्याची वेळ कोणती. पावसामुळे रद्द झाले तर पैसे की दुसरी तारीख. आणि वाट सरकारी जमिनीतून जाते की खासगी. शेवटचा प्रश्न तिथे महत्त्वाचा आहे, कारण मॉरिशसच्या डोंगरांतली बरीच जमीन हरणांसाठी राखलेल्या खासगी मळ्यांत मोडते आणि तिथे परवानगीवाचून शिरता येत नाही. वासोट्याला बामणोलीहून वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, याची सवय असलेल्यांना हे जाचक वाटू नये. सामानाची यादी मी देत नाही. पावसाळी सज्जनगडाला जे नेता ते न्या, पाणी दीड लिटर जास्त न्या. माणसाला धोका होईल असा विषारी साप बेटावर नाही, त्यामुळे काठी लागलीच तर चिखलासाठीच लागेल.

भाषेची अडचण येत नाही. वाटाडे इंग्रजी आणि फ्रेंच बोलतात, आपसांत क्रिओल ही तिथली बोली. मुंबई बंदरातून एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत आणि गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते.

राहता राहिला हंगाम. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा, पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. वादळाचा इशारा एक ते चार अशा वर्गांत दिला जातो आणि वर चढत गेला की डोंगर तर सोडाच, घराबाहेरही पडायचे नसते. सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत कोरडे. कासचा हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ओसरतो आणि दिवाळी त्याच्या मागोमाग येते, म्हणून त्या थोरल्या मुलाला मी सांगितले की दिवाळी लवकर येत असेल त्या वर्षी जा, आठ जणांचा गट मागून घे, आणि जाण्यापूर्वी एक सकाळ कासवर बसून खालच्या पानात आणि वरच्या पानात फरक आहे का एवढेच पाहण्याचा सराव कर. त्याने बूट मात्र आधीच घासून गॅलरीत उन्हात ठेवले होते.